अक्षर पुसण्याची विद्या

लिपीतील चिन्हास मराठीत अक्षर म्हणतात. क्षर म्हणजे नाश पावणारे. ज्याला नाश नाही ते अक्षर. कागदावर लिहिणाऱ्याला या व्युत्पत्तीकडे लक्ष देण्याचे फारसे कारण कधी पडले नाही. कागद कुजतो, त्याला कसर लागते, दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या वह्या बंबात जातात, आणि गेलेले अक्षर मग ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. संगणकाच्या चकतीवर, म्हणजेच डिस्कवर, उमटलेल्या अक्षराच्या बाबतीत मात्र ही व्युत्पत्ती अनपेक्षित रीतीने खरी ठरली. तेथे लिहिणे सोपे, शोधणे सोपे, हजार कोसांवर पाठविणेही सोपे. कठीण ते पुसणे. पुसण्याच्या आज्ञा संगणकाला आरंभापासून अवगत होत्या. परंतु ती आज्ञा देणारा मनुष्य जे समजत होता आणि यंत्र जे करीत होते, त्या दोहोंत एक अंतर होते. या अंतरामुळे कित्येकांची गुपिते उघडी पडली.

1971 च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या संगणक-व्यवस्थेची पहिली नियमपुस्तिका तयार झाली. केन टॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे कर्ते. त्या काळी संगणकाशी बोलावयाचे ते कळफलकावर एकेक ओळ टंकून. पडद्यावरील चित्राला बोट लावण्याची सोय पुढच्या पिढीची. त्या पुस्तिकेत 'आरएम' ही दोन अक्षरांची आज्ञा आहे. 'रिमूव्ह', म्हणजे 'काढून टाक', या शब्दाचे ते लघुरूप. गंमत अशी की, ही आज्ञा यंत्राच्या अंतरंगातील ज्या क्रियेला हाक मारते तिचे नाव 'अनलिंक', म्हणजे 'दुवा तोड', असे आहे. कर्त्यांनी काही लपविले नव्हते. बाहेरचे नाव माणसाच्या इच्छेचे होते, आतले नाव प्रत्यक्ष कृतीचे होते. माणसे बाहेरचे नाव वाचून निर्धास्त राहिली.

दुवा तोडणे म्हणजे काय, हे पेशवे दप्तराच्या दृष्टान्ताने चांगले समजेल. तेथील कागद कापडी रुमालांत बांधून ठेविलेले असतात, आणि कोणत्या रुमालात काय आहे याची नोंद यादीत असते. समजा, एखाद्या कारकुनाला अमुक कागद नष्ट कर असे सांगितले, आणि त्याने यादीतील तेवढी ओळ खोडून रुमाल फडताळात तसाच ठेविला. यादी पाहणाऱ्याच्या लेखी कागद नाहीसा झाला. परंतु जो यादी बाजूस सारून एकेक रुमाल सोडील त्याच्या हाती तो कागद अक्षरन् अक्षर लागेल. संगणकाची आज्ञा हेच करी. फाइलीचे नाव यादीतून जाई, तिची जागा 'मोकळी' म्हणून मांडली जाई, आणि तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर जागच्या जागी राही. यात फसवणूक नव्हती. त्या काळची यंत्रे मंद होती; खोडावयाच्या प्रत्येक फाइलीवर शून्ये लिहीत बसणे हा वेळेचा अपव्यय ठरला असता.

घरोघरी पोहोचलेल्या डॉस या व्यवस्थेत तर हे अधिक सरळ दिसे. 'डेल' ही आज्ञा दिली की फाइलीच्या नावाचे पहिले अक्षर काढून त्या जागी एक सांकेतिक खूण बसे. पीटर नॉर्टन या गृहस्थांनी 1982 साली उपयुक्त आज्ञांचा एक संच विक्रीस काढला. त्यातील खोडलेले परत आणणारी आज्ञा विशेष गाजली. ती गेलेल्या फाइलींची यादी दाखवी आणि नावाचे पहिले अक्षर तेवढे विचारी. ते सांगितले की फाइल पुन्हा हजर. 1991 च्या पाचव्या आवृत्तीपासून डॉसमध्येच अशी आज्ञा आली. चुकून खोडणाऱ्यांनी तिला दुवा दिला. ज्यांनी मुद्दाम खोडले होते त्यांच्या मनात तिने शंका उत्पन्न करावयास हवी होती. परंतु तशी ती फारशी झाली नाही. याच डॉसची 'फॉरमॅट' ही आज्ञा, चकतीवरील सर्व माहिती नष्ट होईल, असा ठळक इशारा देई. संगणकातील कायम बसविलेल्या चकतीपुरता तो इशारा खोटा होता. मजकूर बहुतांशी जागेवरच राही.

याच सुमारास या भ्रमाची एक जाहीर परीक्षा वॉशिंग्टनमध्ये झाली होती. 1986 च्या नोव्हेंबरात इराणला गुप्तपणे शस्त्रे विकून मिळालेला पैसा निकाराग्वातील बंडखोरांकडे वळविल्याचे प्रकरण फुटू लागले. तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांचे सुरक्षा-सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर आणि त्यांचे सहायक ऑलिव्हर नॉर्थ यांनी आपल्या कचेरीच्या संगणकावरील पत्रे खोडावयास आरंभ केला. पॉइंडेक्स्टर यांनी पाच हजारांहून अधिक आणि नॉर्थ यांनी सातशेहून अधिक पत्रे खोडली. पडद्यावरून ती गेली हे खरे. परंतु संगणक बिघडल्यास काम अडू नये म्हणून सर्व मजकुराची एक प्रत चुंबकीय फितीवर ठराविक वेळी घेतली जात असे. त्या फिती टॉवर आयोगाच्या हाती आल्या, आणि 1987 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या आयोगाच्या अहवालात खोडलेली पत्रे छापून निघाली. यादीतील ओळ तर सोडाच, रुमाल जाळला असता तरी त्याची नक्कल दुसऱ्या कोठीत होती. पुढे 1989 च्या जानेवारीत या फिती नष्ट होऊ नयेत म्हणून न्यायालयात दावा लागला, आणि अशी पत्रे हे सरकारी दप्तरच होय, असा निर्णय 1993 साली वरिष्ठ न्यायालयाने दिला. तो योग्यच होता. पुसण्याचा हक्क सर्वांना सर्वकाळ असावा असे कोणी म्हणू नये; सत्ताधाऱ्याचे दप्तर ही त्याची खासगी वही नव्हे.

परंतु ज्यांच्यापाशी सत्ता नाही अशांची अवस्था काय होती? मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठातील सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलात या दोघांनी नोव्हेंबर 2000 ते ऑगस्ट 2002 या काळात जुन्या बाजारातून 158 चकत्या विकत घेतल्या. त्यांपैकी 129 चालू स्थितीत होत्या. 2003 साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. योग्य रीतीने साफ केलेल्या चकत्या त्यांत फक्त 12 निघाल्या. बाकीच्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक, रोग्यांची माहिती व खासगी पत्रे सापडली. एक चकती तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातील असावी असे दिसले. खातेदारांचे खातेक्रमांक आणि शिल्लक रकमा तीत होत्या. त्या खातेदारांनी स्वतः काही विकले नव्हते, की खोडलेही नव्हते. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने त्यांची झाकली मूठ उघडी पडली होती.

जाणत्यांनी यावर जो उपाय काढला तो म्हणजे खोडण्यापूर्वी त्या जागेवर दुसरे काही लिहिणे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या 1995 च्या नियमपुस्तिकेत तीन वेळा लिहिण्याची रीत दिली होती: प्रथम एक चिन्ह, मग त्याचे उलट, मग वाटेल ते. परम गोपनीय मजकुराला ही रीत चालणार नाही, असेही तेथेच बजावले होते. त्या खात्याच्या नावावर आपल्या आज्ञावल्या विकणाऱ्या व्यापाऱ्यांना हे वाक्य सोयीचे नव्हते. ते त्यांच्या जाहिरातीत क्वचितच दिसे.

1996 च्या जुलैत कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे संगणक-सुरक्षेची परिषद भरली. तेथे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या पीटर गुटमन यांनी एक निबंध वाचला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण त्या निबंधाला शोभली असती. त्यांचे म्हणणे असे की, चुंबकीय चकतीवर जुन्या शून्यावर एक हा अंक लिहिला तर तेथे पुरता एक न उमटता सुमारे 0.95 उमटतो, आणि जुन्या एकावर एक लिहिला तर सुमारे 1.05. हा सूक्ष्म फरक पुरेशा नाजूक उपकरणाने वाचता आला, तर खाली काय होते ते कळू शकेल. म्हणून त्यांनी 35 फेऱ्यांची मालिका सुचविली: आरंभी 4 फेरे यादृच्छिक अंकांचे, मध्ये 27 ठराविक आकृतींचे, शेवटी पुन्हा 4 यादृच्छिक. मधल्या 27 आकृती निरनिराळ्या काळच्या चकत्यांवरील निरनिराळ्या अंकन-पद्धतींसाठी होत्या. ज्याला आपली चकती कोणत्या जातीची हे ठाऊक नाही त्याने सर्वच कराव्यात, इतकाच त्यांचा अभिप्राय होता. कोणत्याही एका चकतीला 35 फेऱ्यांची गरज कधीच नव्हती.

पण लोकांनी आकडा उचलला आणि कारण टाकून दिले. पस्तीस हा जणू जपसंख्येचा आकडा होऊन बसला. पुढे स्वतः गुटमन यांनीच आपल्या निबंधाला पुरवणी जोडून, लोक या मालिकेकडे भुते उतरविण्याच्या मंत्रासारखे पाहतात, अशी तक्रार केली, आणि नव्या चकत्यांना यादृच्छिक अंकांचे थोडे फेरे पुरेत असे सांगितले. 500 गिगाबाइटच्या चकतीवर सेकंदाला 100 मेगाबाइट या वेगाने लिहावयाचे म्हटले तर एका फेऱ्याला सुमारे 83 मिनिटे लागतात. 35 फेऱ्यांना दोन दिवस. एवढे दिवस हजारो संगणक निष्कारण घरघरत राहिले. डिसेंबर 2008 मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एक शोधनिबंध सादर झाला. एकदा लिहून झाकलेल्या जागेतील एकेका अंकाविषयी करावयाचे अनुमान नाणेफेकीहून फारसे बरे नसते, आणि सबंध मजकूर परत मिळविणे अशक्यप्राय आहे, असे त्यात प्रयोगांनी दाखविले होते. आधुनिक चुंबकीय चकतीला एक फेरा पुरतो, हे मत त्यामुळे दृढ झाले.

अशा रीतीने वाद मिटतो न मिटतो तोच त्याच्या पायाखालची जमीन सरकली. वर लिहिण्याच्या विद्येची सर्वांत प्रसिद्ध आज्ञा 'श्रेड', म्हणजे 'चिंध्या कर', ही होय. कोलिन प्लम्ब यांनी ती लिहिली आणि ग्नू प्रकल्पाच्या मूळ आज्ञांच्या संचातून ती जगभर गेली. आरंभी ती न सांगता 25 फेरे करी. पुढे हा आकडा 3 वर आणण्यात आला. तिच्या नियमपत्रात मात्र एक इशारा आहे: फाइल ज्या जागी होती त्याच जागी व्यवस्था नवे अंक लिहिते, हे गृहीत धरूनच ही आज्ञा चालते. फेरे किती करावे याचा वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी या गृहीतकाकडे लक्ष दिले.

त्या गृहीतकाला पहिले तडे फाइली ठेवण्याच्या नव्या पद्धतींनी दिले. वीज गेली तरी हानी होऊ नये म्हणून यांपैकी काही पद्धती मजकूर आधी एका रोजकीर्दीत टिपतात आणि मग मूळ जागी नेतात. काही तर जुन्यावर कधी लिहीतच नाहीत, प्रत्येक वेळी नवी जागा घेतात. परंतु खरा घाव घातला तो फ्लॅश स्मृतीने. जपानमधील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी ती 1984 साली जगापुढे ठेविली, आणि पुढे तिच्यापासून फिरत्या चकतीऐवजी वापरावयाची स्थिर साठवणयंत्रे बनू लागली. फ्लॅशचा स्वभाव विचित्र आहे. तिच्यावर लिहावयाचे ते लहान लहान पानांनी, पण पुसावयाचे ते अनेक पानांचा सबंध गठ्ठा एकदम. शिवाय प्रत्येक गठ्ठा ठराविक वेळाच पुसला जाऊ शकतो. मग तो झिजतो. म्हणून या साठवणयंत्रात एक छोटा नियंत्रक बसविलेला असतो. तो झीज सर्व गठ्ठ्यांत सारखी वाटतो. संगणकाने 'पाचव्या जागेवर लिही' म्हटले की हा नियंत्रक भलत्याच कोऱ्या पानावर लिहितो आणि आपल्या खासगी यादीत त्या पानाला पाचवे म्हणतो. जुने पाचवे पान, गुपितासकट, मागे राहते. संगणकाला ते दिसत नाही आणि त्याला हातही लावता येत नाही. 'श्रेड' आपले फेरे इमाने करते, पण दर फेऱ्याला तिच्यापुढे कोरे पान येते.

याचे मोजमाप 2011 साली सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी केले. त्यांनी साठवणयंत्रे उघडून आतील स्मृती-चकल्या थेट वाचल्या. एकेक फाइल वर लिहून पुसण्याच्या सर्व रीती स्थिर साठवणयंत्रांवर फसल्या. फाइलीचा 4 पासून 75 टक्क्यांपर्यंत भाग शिल्लक सापडला. खिशात बाळगावयाच्या यूएसबी साठवणींत तर एका ठिकाणी 84.9 टक्के मजकूर तसाच होता. साठवणयंत्राने आपण होऊन स्वतःला पुसावे अशी एक अंतर्गत आज्ञाही असते. तपासलेल्या 12 यंत्रांपैकी 8 यंत्रे ती आपल्याला येते असे सांगत होती. एक यंत्र मजकूर सांकेतिक रूपात ठेवीत असल्याने त्याची पडताळणी झाली नाही. उरलेल्या 7 पैकी 4 यंत्रांनीच ती नीट पार पाडली. एका यंत्राने काम फत्ते झाल्याचे कळविले, आणि आतला सर्व मजकूर जसाच्या तसा होता. प्रबळ चुंबक फिरवून साफ करण्याचा जुना रामबाण उपायही करून पाहण्यात आला. फ्लॅशमध्ये अक्षरे चुंबकाने लिहिलेली नसल्यामुळे त्याचा काडीचा परिणाम झाला नाही.

निर्मात्यांना हे मान्य करणे भाग पडले. ॲपल कंपनीने 2003 साली आपल्या मॅक संगणकांत कचरापेटी 'सुरक्षितपणे' रिकामी करण्याची सोय दिली होती; फ्लॅश असलेल्या संगणकांवर ती सुरक्षितता देता येत नाही असे कारण नमूद करून 2015 साली ती काढून घेण्यात आली. पुढच्याच वर्षी 'एसआरएम' ही टंकून द्यावयाची आज्ञाही मॅकमधून गेली. न पाळता येणारे वचन मागे घेणे हा प्रामाणिकपणाच होय, जरी गिऱ्हाइकाला ती सोय काढून घेतल्यासारखी वाटली तरी.

मग पुसावे कसे? याचे उत्तर फार पूर्वीच देऊन झाले होते. 1996 च्या ज्या परिषदेत गुटमन यांचा निबंध वाचला गेला, तिच्यातच प्रिन्स्टन विद्यापीठाचे डॅन बोनेह आणि रिचर्ड लिप्टन यांचाही एक निबंध होता. त्यांच्यापुढचा प्रश्न प्रतींच्या फितींचा होता, म्हणजे ज्या प्रश्नाने दहा वर्षांपूर्वी वॉशिंग्टनमध्ये पत्रे उघडी पाडली तोच. कोठकोठल्या कोठीत ठेविलेल्या फितींतून एकच फाइल पुसावी कशी? त्यांचे उत्तर असे: मजकूर फितीवर नेण्यापूर्वीच सांकेतिक लिपीत बदलावा आणि तिची किल्ली जवळ ठेवावी. पुसावयाचे झाले की फितींना हात न लावता किल्ली तेवढी नष्ट करावी. मागे उरतो तो अर्थहीन अंकांचा ढीग. एका मांडवात पस्तीस फेऱ्यांचा निबंधही होता आणि किल्लीचाही. जगाने वर्षानुवर्षे पहिलाच उराशी धरला.

किल्लीची युक्ती सर्वसामान्यांच्या हाती आली ती दूरध्वनीतून. 2009 च्या आयफोनपासून साठवणीतील सर्व मजकूर यंत्र स्वतःच सांकेतिक करू लागले. सर्व पुसण्याची आज्ञा दिली की किल्ली नष्ट होते आणि काम क्षणात संपते. आधीच्या नमुन्यांना तेच काम करावयास तास लागत. अर्थात किल्लीही कोठेतरी लिहिलेलीच असते, आणि तीही पुसावी लागते. क्लेमेन्स फ्रुवर्थ यांनी लिनक्ससाठी रचलेल्या 'ल्युक्स' पद्धतीत यावर मोठी मार्मिक तोड आहे. लहानशी किल्ली चकतीच्या एखाद्या टाकून दिलेल्या कोपऱ्यात चुकून जिवंत राहू शकते; म्हणून ती मुद्दाम 4000 पट फुगवून अशा रीतीने लिहितात की, तिचा एक तुकडा गेला तरी सगळी निरुपयोगी व्हावी. टिकवण्यासाठी नव्हे, तर सहज नष्ट व्हावी म्हणून मोठी केलेली अशी वस्तू विरळाच.

यातही विश्वास कोणावर ठेवावा हा प्रश्न उरतो. 2018 साली नेदरलंड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी, स्वतः मजकूर सांकेतिक करणारी काही साठवणयंत्रे तपासून, त्यांतील कित्येकांत परवलीचा शब्द आणि किल्ली यांचा गणिती संबंधच नसल्याचे दाखविले. दाराला कुलूप होते, पण कडी भिंतीत ठोकलेली नव्हती. त्यानंतर 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने साठवणयंत्राच्या शब्दावर विसंबण्याचे सोडून सांकेतिकरण आपल्या आज्ञावलीतच करण्याचा पायंडा पाडला.

लॅमिंग्टन रोडवर जुना संगणक देऊन नवा घेणाऱ्याने या इतिहासातून कोणती रीत उचलावी? संगणक विकत्या दिवशी पुसण्याचा विचार करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. पहिल्याच दिवशी, काही लिहिण्यापूर्वी, सर्व साठवण सांकेतिक करून घ्यावी. देते वेळी किल्ली नष्ट करावी, आणि फ्लॅश असल्यास तिच्या नियंत्रकाला स्वतःस पुसण्याची अंतर्गत आज्ञाही द्यावी. नव्या यंत्रांत ती सोय सुधारली आहे. फिरती चुंबकीय चकती असेल तर सबंध चकतीवर एक फेरा बस्स. अमेरिकेच्या मानक-संस्थेने 2006 साली काढलेल्या आणि 2014 साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेत साफ करणे, निर्मूळ करणे आणि यंत्रच भुगा करून टाकणे अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि किल्ली नष्ट करण्याची रीत सुधारलेल्या आवृत्तीने मान्य केली आहे. बिघडलेले साठवणयंत्र आज्ञा ऐकत नाही. त्याला तिसरीच पायरी.

भारतात 2023 च्या ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. आपली माहिती पुसून घेण्याचा नागरिकाचा हक्क त्यात सांगितला आहे. कायद्यात तो थोडक्या शब्दांत आला. तो पाळावयाचा म्हणजे एखाद्या रुग्णालयाला किंवा पतपेढीला आपल्या प्रत्येक फितीचा, प्रत्येक नकलेचा आणि प्रत्येक मोडीत काढलेल्या यंत्राचा माग ठेवावा लागेल. किल्लीची रीत वापरणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. ल्युक्सचे जाणकार सल्ला देतात की, किल्ली साठविलेल्या मथळ्याची एक प्रत सुरक्षित जागी ठेवावी, नाही तर चकतीच्या किरकोळ बिघाडाने सर्वस्व जाईल. सल्ला शहाणपणाचा आहे. परंतु पुसावयाची वेळ आली म्हणजे ती प्रतही शोधून नष्ट करावी लागते. ती कपाटात राहिली आणि जुना परवलीचा शब्द कोणाच्या स्मरणात असला, तर पुसलेली चकती त्या दोहोंनी पुन्हा उघडते.